काटा दर महिन्याला शून्यावर

४ जानेवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर लिहायला मी आज बसतोय. रागावू नकोस. पत्र वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं आणि रोज सकाळी ठरवलं की आज लिहू. पण घर घ्यायचं म्हणजे कर्ज आलं, कर्ज म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि पोटात गोळा आलेल्या माणसाचं पत्र वाचून तुला काय सुख होणार, म्हणून थांबलो. फोन करणार होतो. पण फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो, आणि वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला दोन्ही बाजू ऐकू जातात. मग आठवडाभर तो मला माझ्याच घरच्या बातम्या सांगतो.

तर घर. तू दिवसभर दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत लोकांच्या कवळ्या घडवणार, जावईबापू दिवसभर बस चालवणार. घरी यायचं ते झोपायला. मग दोघांना तीन खोल्या कशाला? एका खोलीत झोपा, एकीत जेवा. तिसरीला काय कुलूप लावून ठेवणार? तिसऱ्या खोलीचंही व्याज भरावं लागतं, हे कोणी तुम्हाला सांगितलं की नाही? तू म्हणशील, मामा नेहमीचंच रडगाणं गातोय. गातो. मला दुसरं गाणं येत नाही.

बँक माणसाचं सगळं उकरून बघते म्हणे. शिंपी सांगत होता, त्याच्या मेहुण्याला बँकेने विचारलं की अमुक दिवशी हॉटेलात एवढं काय खाल्लंत. शिंपी अर्धं खोटं बोलतो, पण उरलेल्या अर्ध्यानेही माझी झोप उडाली.

एका गोष्टीची मात्र काळजी करू नकोस. आपल्या दोघांच्या नावावरचं खातं. तू पहिल्या नोकरीला लागलीस तेव्हा आपण काढलेलं. त्यात फक्त माझी पेन्शन येते, तुझा एक पैसा नाही, पण नाव तुझंही आहे, कारण माझ्यामागे तुला खेपा घालायला लागू नयेत. त्या खात्यावर मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. दर महिन्याला तपासतो. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस मी, तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.

खोकला आहे, पण जुनाच आहे.

तुझा
मामा


११ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं रडगाणं पोचलं. दोघांनी मिळून वाचलं. तुझे जावईबापू म्हणाले, "मामांना सांग, तिसऱ्या खोलीत मी एकटाच बसून तुझ्याशी अबोला धरणार आहे."

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पायऱ्याही रुंद आहेत. मालकीण पूर्वी नर्स होती, आता लेकीकडे राहायला जाणार आहे. तिला आम्ही आवडलो. एप्रिल संपेपर्यंत घर दुसऱ्या कोणाला दाखवणार नाही असं तिने कबूल केलंय. त्यापुढे तिलाही थांबता येणार नाही. या भागात एवढ्या पैशात असं घर पुन्हा मिळणार नाही, मामा. वर्षभर बघतोय आम्ही. आणि इथल्या खोलीचा करार जूनमध्ये संपतोय, मालक वाढवून द्यायला तयार नाही.

बँकेतल्या कर्जाच्या बाई स्वभावाने बऱ्या आहेत, पण कागद वाचताना चेहऱ्यावरची माशी हलत नाही. त्या आमच्या खात्यांचे सहा महिन्यांचे उतारे घेऊन बसल्या होत्या. पगार किती आहे हे त्यांनी एकदाच बघितलं. बाकी सगळा वेळ त्या खातं कसं वागतं ते बघत होत्या. हप्ते ठरल्या दिवशी गेले का, महिनाअखेरीला काही उरतं का. ऑगस्टमध्ये ह्यांचा फ्रिजचा हप्ता परत गेला होता, त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसेच नव्हते. ह्यांनी दोन दिवसांनी भरला होता. पण तो दिवस उताऱ्यावर आहेच. त्यांनी त्यावर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं. ह्यांचे कान लाल झाले. बाई म्हणाल्या की एकदा घडलेलं त्या सोडून देतात, पुन्हा पुन्हा घडलेलं नाही.

माझं नाव असलेलं प्रत्येक खातं त्यांना बघायचंय, म्हणून आपल्या खात्याचा उताराही मागवलाय. तुझी हरकत नाही ना?

आणि खालच्या दातांचं माप द्यायला कधी येतोस? कवळ्या घडवणाऱ्या मुलीच्या मामाने पेज पिऊन राहावं, ही माझी बेअब्रू आहे.

तुझी
भिंगरी


२० जानेवारी

चि. भिंगरीस,

हरकत कसली? उलट मला अभिमान वाटला. इतकी वर्षं जपलेलं खातं कधीतरी कोणाच्या नजरेखालून जाणार, हे बरंच झालं.

तू लिहिलंस की बाई खातं कसं वागतं ते बघतात. ते वाचलं आणि मी लगेच धुतलेला शर्ट घालून बँकेत गेलो. या महिन्यात आपलं खातं मी एकदा तपासलं होतं. तुझ्या कामासाठी आणखी एकदा तपासून घेतलं. दोन्ही वेळा चोख निघालं. आता त्या बाईंनी भिंग लावून बघितलं तरी बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

जावयांना सांग, एकदा हप्ता चुकला म्हणून कान लाल करून घेऊ नका. पण पुन्हा चुकवू नका. मी असतो तर हप्त्याच्या आदल्या दिवशी बँकेच्या दारात जाऊन बसलो असतो.

दातांचं म्हणशील तर मला घाई नाही. प्रवासात माझे पाय सुजतात. शिवाय इथे घर बंद ठेवून आलो तर कोण बघणार? शिंपी बघतो म्हणाला. म्हणूनच येत नाही.

तुझा
मामा


३ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळ विचारते.

आमचा अर्ज अडकलाय. आमच्या पगारामुळे नाही, फ्रिजमुळेही नाही. आपल्या खात्यामुळे. बाईंनी मला एकटीला बोलावलं आणि उतारा समोर ठेवला. दर महिन्याला तुझी पेन्शन येते, दुसऱ्या दिवशी पेन्शन आणि आधीची सगळी शिल्लक, सगळंच्या सगळं, रोखीने बाहेर. खातं कोरडं. मग दोन दिवसांनी तेवढीच रक्कम कोणीतरी रोखीने परत भरतं. सहा महिने हेच. आणि गेल्या महिन्यात दोनदा.

बाईंनी विचारलं, हे पैसे कोणाकडे जातात? परत येतात ते तेच पैसे असतात की दुसऱ्या कोणाचे? तुमचे मामा कोणाला पैसे फिरवायला देतात का? की कोणाचं देणं आहे, ते पेन्शनवर भागवून पुन्हा कुठून उचलतात? मी म्हटलं, मामाला विचारून सांगते. त्या म्हणाल्या, "विचारा. पण रिकाम्या होणाऱ्या खात्याकडे बघून मला फाइल पुढे पाठवता येणार नाही."

खरं सांग मामा, तुला कोणी त्रास देतंय का? शिंप्याने उसने मागितले का? तू कोणाला जामीन राहिलास का? काही असलं तरी मी रागावणार नाही. घर गेलं तर जाऊ दे. हे आत्ताच गाडीत बसायला निघाले होते, मी थांबवलं. म्हटलं, अचानक दारात उभे राहिलात तर मामा घाबरेल.

लगेच लिही.

भिंगरी


७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी राग आला. शिंप्याचा संशय घेतलास याचा जास्त आला. तो माणूस तोंडाचा फाटका आहे, पण माझ्या पैशाला त्याने कधी हात लावला नाही. माझ्या वर्तमानपत्राला लावतो.

कोणी त्रास देत नाही. कोणाचं देणं नाही. ते पैसे काढणारा मी आणि भरणाराही मीच. मी खातं तपासत होतो.

तू लहान होतीस तेव्हा माझ्या कामाच्या टेबलाखाली बसून वजनं रचायचीस. तुला आठवत असेल, दुरुस्तीला आलेला काटा मी आधी काय करायचो. दोन्ही पारडी रिकामी करायची आणि काटा शून्यावर येतो का बघायचं. भरलेल्या पारड्यावरून काही कळत नाही. सगळं उतरवलं की काटा खरं बोलतो. चौथीनंतर माझी शाळा सुटली, त्यानंतर जे काही शिकलो ते एवढंच, आणि त्यावर जन्म काढला.

बँकेचंही मी तसंच करतो. पेन्शन आली की दुसऱ्या दिवशी खिडकीवर जायचं आणि सांगायचं, सगळे द्या. त्यांनी दिले म्हणजे पैसे खरोखर होते. घरी आणायचे, वजनांच्या जुन्या पेटीत ठेवायचे, पलंगावर मांडून बघायचे. दोन रात्री नीट झोप लागते. मग नेऊन भरायचे. महिनाभर बँकेवर विश्वास. कागदावरचा आकडा काय, कोणीही छापेल. मी काटे दुरुस्त करायचो त्या कारखान्याच्या मालकाकडेही एका पतपेढीचा छापील आकडा होता. एका सकाळी तो आकडा हातात घेऊन बंद शटरसमोर उभा होता, मी त्याच्या शेजारी होतो. त्याचा चेहरा मी विसरलो नाही.

यात मी काय वाईट केलं? गेलं तेवढंच परत आलं. एक नोट कमी नाही. त्या बाईंना दिसत नाही का?

पण तुझं काम माझ्यामुळे अडलं, हे खरं. मी ठरवलंय. या महिन्याचे पैसे अजून पेटीतच आहेत, पलंगाखाली. ते बँकेत भरतच नाही. परवा जाऊन खातं बंद करतो आणि सगळी रक्कम जावयांच्या हातात आणून देतो. खातंच नसलं की त्यावर बोट कोण ठेवेल? तुझं नाव माझ्या नावापासून सुटेल आणि तू मोकळी होशील.

मामा


१० फेब्रुवारी

मामा, मामा, मामा,

काही करू नकोस. खातं बंद करू नकोस. कोणाच्या हातात काही आणून देऊ नकोस. अर्ज चालू असताना जुनं खातं अचानक बंद झालं आणि आमच्या खात्यात कुठूनशी रोख रक्कम येऊन पडली, तर बाई आम्हाला दारातूनच परत पाठवतील. आधी पेटीतले पैसे उचल, एकदम सगळे भर, पावती जपून ठेव. मग हे पत्र पुढे वाच.

भरलेस? आता सांगते.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या हातातली कवळी काढून घेतली. मला काय काय वाटलं होतं! मला वाटलं होतं तुला कोणी लुबाडतंय, आणि तू आपला बँकेची परीक्षा घेत होतास.

पण बाईंच्या बाजूने बघ. तू पेटी उघडतोस, नोटा पलंगावर मांडतोस, ते त्यांना दिसत नाही. त्यांना पारडं दिसतच नाही मामा. त्यांना फक्त काटा दिसतो, आणि काटा दर महिन्याला शून्यावर. ज्याच्यापाशी काही टिकत नाही त्याचं खातं असंच दिसतं. जो एकाचे घेऊन दुसऱ्याला देतो त्याचंही असंच दिसतं. पैसा तेवढाच आहे हे त्या मानतात. पण तो राहतो का, हा त्यांचा प्रश्न आहे. कर्ज वर्षानुवर्षं फेडायचं असतं, म्हणून त्यांना राहणारा पैसा बघायचा असतो.

मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी वजनांच्या पेटीसकट. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली. त्या म्हणाल्या की हे मामांनी एका कागदावर सहीनिशी लिहून द्यावं आणि पुढच्या दोन पेन्शनी खात्यात येऊन तशाच राहू द्याव्यात. त्यातून लागेल तेवढं खर्चाला काढायला हरकत नाही, पण खातं कोरडं करायचं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला त्या पुन्हा उतारा बघतील. म्हणजे मालकिणीच्या मुदतीत जेमतेम बसतंय.

जमेल का तुला? हे मी खरंच विचारतेय. शटरसमोर उभा असलेला माणूस तू बघितलास, मी नाही. तुझी झोप उडणार असेल तर नको, आम्ही दुसरं काहीतरी बघू. पण तुझ्या नावापासून माझं नाव सोडवायची भाषा पुन्हा काढलीस तर मी तुझ्या खालच्या दातांचं मापही घेणार नाही.

तुझीच
भिंगरी


१३ फेब्रुवारी

(भिंगरी, हे मी बँकेच्या बाईंना लिहिलंय. नक्कल तुला पाठवतोय. शिंप्याने शुद्धलेखन बघितलं आणि दोन ठिकाणी 'कृपया' घातलं.)

कर्ज विभागाच्या बाई यांस,

मी खाली सही करणारा, आपल्याकडे घरासाठी अर्ज केलेल्या मुलीचा मामा. तिची आई गेल्यापासून ती माझ्याकडे वाढली. आमच्या दोघांच्या नावे जे खातं आहे त्यातले पैसे माझ्या पेन्शनचे आहेत. दर महिन्याला ते काढणारा मी आणि भरणाराही मीच. मधल्या दोन दिवसांत ते माझ्या पलंगाखाली असतात. ते मी कोणाला देत नाही, कोणाकडून घेत नाही. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं.

मी हे का करतो, ते तिने आपल्याला सांगितलं आहे. आपण हसला असाल तर माझी तक्रार नाही.

आपण सांगितल्याप्रमाणे मी आता खातं रिकामं करणार नाही. कृपया माझ्या सवयीचा दोष मुलीच्या माथी मारू नये. ती स्वतः फार नीट आहे. लहानपणी माझी वजनं खेळायला घ्यायची, ती जागच्या जागी परत ठेवायची, एकही हरवली नाही. जावई बस चालवतात आणि एकदाच हप्ता विसरले.

एक शंका आहे, उत्तर दिलंत तर उपकार होतील. मी पैसे काढले नाहीत तर ते तिथे आहेत हे मला कसं कळणार? कृपया कळवावे.

आपला,
(सही)


२६ मार्च

चि. भिंगरीस,

बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं. "आपलं पत्र फाइलला लावलं आहे. आपल्या शंकेचं उत्तर आपल्या शाखेच्या खिडकीवर मिळेल." यातून कोणाला काय कळणार?

पेन्शन एक तारखेला आली. दोन तारखेला सवयीने पाय बँकेकडे वळले. जाताना पेटी काखेत. आत बाकावर जाऊन बसलो आणि पेटी मांडीवर ठेवली. माझा नंबर पुकारला, मी उठलो नाही. पुढच्याचा पुकारला, त्याच्या पुढच्याचा पुकारला. मनात येत होतं, आत्ता नाही विचारलं तर उद्या शटर बंद असेल. मग मनात यायचं, आत्ता काढले तर भिंगरीचं घर गेलं. असा मी दोन पारड्यांच्या मध्ये लोंबकळत होतो.

शेवटी खिडकीतला कॅशियरच उठून बाहेर आला. तोच तो, जो दर महिन्याला माझ्याकडे बघून सुस्कारा सोडायचा. म्हणाला, "आजोबा, आज काढायचे नाहीत?"

मी म्हटलं, "काढायचे नाहीत. पण आहेत का ते बघायचंय."

"मग बघा ना." आणि त्याने मला आत नेलं, संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला आणि आकड्यावर बोट ठेवलं. मी चष्मा पुसून बघितला. बरोबर होता. मी म्हटलं, असं रोज येऊन विचारलं तर खात्यावर डाग पडेल का? तो हसला. "रोज या. विचारल्याची नोंद होत नाही. काढल्याची होते."

इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, हेही खरंच.

तरी त्या रात्री झोप नव्हतीच. शिंप्याला वरून ऐकू गेलं असावं, सकाळी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "पेटी मोकळी आहे तर माझे सुईदोरे ठेवू का?" मी त्याला चार शब्द सुनावले. पण तो गेल्यावर पेटी पुसायला घेतली आणि एक गोष्ट आठवली.

काटा तपासायच्या परीक्षा दोन असतात. पहिली शून्याची, ती मी तुला लिहिली. दुसरी भाराची. स्प्रिंगच्या काट्यावर वजन ठेवायचं आणि हात लावायचा नाही. एक रात्र तसंच सोडायचं. सकाळी काटा जिथे होता तिथेच असला तर तो काटा पक्का. हळूहळू सरकला असेल तर आतली स्प्रिंग थकलेली आहे. माझे उस्ताद ही परीक्षा कधी चुकवायचे नाहीत. मी मात्र हळूहळू सोडून दिली, कारण गिऱ्हाइकाला घाई असते, एक रात्र काटा ठेवून जायला कोणी तयार नसतं. शून्य झटपट बघता येतं, भार बघायला थांबावं लागतं. इतकी वर्षं मी बँकेची पहिलीच परीक्षा पुन्हा पुन्हा घेत राहिलो. दुसरी कधी घेतलीच नाही.

तर आता ती चालू आहे. भार ठेवलाय आणि हात मागे घेतलाय. खर्चापुरते थोडे काढले, बाकी तिथेच. दर सोमवारी कॅशियरकडे जातो, काटा सरकला का बघतो. आजपर्यंत सरकलेला नाही. कॅशियर आता सुस्कारा सोडत नाही, खुर्ची देतो.

तुम्ही धीर सोडू नका. मालकिणीला माझा नमस्कार सांगा आणि लिफ्ट अधूनमधून बंद पडते का, ते विचारून ठेवा.

तुझा
मामा


१८ एप्रिल

प्रिय मामा,

मंजूर झालं.

आज दुपारी बाईंचा फोन आला, मी हातात ओला साचा घेऊन उभी होते, तो तसाच वाळून गेला. एका माणसाची कवळी पुन्हा करावी लागणार, पण आज मला कशाचं काही वाटत नाही. ह्यांना बस डेपोत गेल्यावर कळलं. त्यांनी सगळ्या कंडक्टरांना चहा पाजला. हप्ता चुकणार नाही एवढाच पाजला, असं सांगायला सांगितलंय.

बाईंनी सांगितलं की दोन्ही पेन्शनी जागेवर होत्या, खर्चाला काढलेलंही बेताचं, आणि हेच त्यांना हवं होतं. तुझं पत्र अजून फाइलला आहे. वरच्या साहेबांनी ते मोठ्याने वाचलं म्हणे, आणि 'एकदाच हप्ता विसरले' याच्यापुढे बरोबरची खूण केली.

आता तुझ्यापासून लपवलेलं एक सांगते. रागावायचं असेल तर रागाव.

अर्जात एक रकाना होता. घरात किती जण राहणार? मी पहिल्याच दिवशी तीन लिहिलं. तिसरे कोण, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगितलं. म्हणूनच त्या तुझ्या खात्याच्या इतक्या मागे लागल्या. फक्त माझं नाव असतं तर एक नजर टाकून सोडलं असतं. पण तू या घरात राहणार, तुझी पेन्शन या घरात येणार, म्हणून त्यांना ते खातं नीट बघायचं होतं. तुला आधी सांगितलं असतं तर तू जानेवारीतच नाही म्हणाला असतास, आणि मग त्या नाहीला धरून बसला असतास. तुला मी ओळखते.

तिसरी खोली तुझी आहे. कुलूप लावायला घेतलेली नाही. कामाचं टेबल मावेल एवढी भिंत आहे, मी मोजलीये. मेमध्ये किल्ली मिळेल. ये.

तुझी
भिंगरी


२ मे

चि. भिंगरीस,

उत्तराला पुन्हा उशीर झाला. आता मात्र पोटात गोळा नव्हता, हातात काम होतं. ते शेवटी सांगतो.

आधी भांडण. माझ्या नावाने रकाना भरायचा आणि मलाच विचारायचं नाही, ही कुठली रीत? मी म्हातारा, खोकणारा, रोज तक्रार करणारा माणूस. जावयांनी नवीन घरात निवांत बसायचं, तर पलीकडून माझा खोकला. शिवाय इथे माझं सगळं आहे. बाजारवाला उधार देतो. कॅशियर खुर्ची देतो. नवीन ठिकाणी खिडकीवरचा माणूस कसा असेल कोणास ठाऊक. आणि शिंपी. तो म्हणतो, जा, मी सुटलो. असं म्हणाला आणि दुपारभर माझ्या दारात बसून राहिला, एक बटणही लावलं नाही. त्याला मी सांगितलंय की जाणार नाहीच, गेलो तरी महिना-दोन महिन्यांनी येऊन बघून जाईन. तो म्हणाला, "येताना नवे दात घालून ये, मला तुझं बोलणं कधी नीट कळलंच नाही."

तेव्हा मी येत नाही. फार तर किल्ली मिळाल्यावर आठवडाभर येईन. दरवाजे नीट बसतात का, नळ गळतात का, हे कोणीतरी तपासायला हवं, आणि तुमच्यापैकी कोणाला ते येणार नाही. खालच्या दातांचं मापही त्यातच उरकून घे.

या महिन्याची पेन्शन काल आली. आज बँकेत गेलो नाही. सकाळी आठवण झाली, शर्टही घातला, आणि मग वाटलं की सोमवारी जाऊ. तू अर्जाच्या रकान्यात लिहिलेलं ते 'तीन' मनात आलं. तू माझ्यावर भार टाकलास आणि कितीतरी दिवस हात लावला नाहीस. बघितलंस, माझा काटाही सरकला नाही.

एक मात्र लगेच कळव. त्या खोलीची खिडकी कोणत्या बाजूला आहे? खिडकी टेबलाच्या डाव्या हाताला लागते, उजेड उजव्या हाताने कापला गेला तर मला काम दिसत नाही. हे कळल्याशिवाय टेबलाचे पाय कोणत्या बाजूने सोडायचे ते ठरत नाही. वजनांची पेटी बांधून झाली, पलंगाची गादी गुंडाळून झाली, खुर्ची शिंप्याला देऊन टाकली, आणि गेले तीन दिवस मी जमिनीवर बसून तुझ्या पत्राची वाट बघतोय. तेव्हा उशीर करू नकोस, लवकर लिही.

तुझा
मामा